ठशांतून उमटणारी दिवाळी पहाट

दिवाळीची शुभेच्छापत्रे हाताने रंगवायला बसले, की पहिली दोन-तीन मोठ्या हौसेने होतात. चौथ्यापासून हात कंटाळतो. दहाव्या मित्राच्या वाट्याला नुसती एक पणती आणि तिच्याभोवती चार रेघा येतात! मित्रांनो, यावर एक सोपा उपाय आहे, तो म्हणजे रबरी ठसे. झाडाचा ठसा एकदा कोरला, की त्या एका झाडापासून हवे तेवढे माड, हवी तेवढी बने तयार होतात. डोंगरासाठी तर ठसाही लागत नाही. फाटका कागद पुरतो. सगळी तयारी झाल्यावर एक देखावा उमटवायला चार-पाच मिनिटांपेक्षा अधिक वेळ लागत नाही. मात्र तो देखावा खरा वाटावा असे वाटत असेल, तर डोंगर निळे का दिसतात, पाण्यात माड उलटा कसा दिसतो आणि दिवाळीच्या पहाटे चंद्र कोठे असतो, हे ठाऊक असायला हवे. ठसा कोरण्याचे काम तासाभराचे. खरी गंमत त्यापुढे आहे.

ठसा ही कल्पना फार जुनी आहे. सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी सिंधू संस्कृतीतील लोक मऊ दगडावर प्राणी आणि अक्षरे उलटी कोरून ती ओल्या मातीवर दाबत असत. आपल्याकडे शिवकाळात आणि पेशवाईत पत्रावर शाईने मुद्रा उमटवीत आणि पत्र संपले की अखेरीस मोर्तबाचा छोटा शिक्का मारीत, म्हणजे त्यापुढे कोणाला काही घुसडता येऊ नये. ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द आपण अजून वापरतो, तो तेथूनच आला. पण हे शिक्के धातूचे किंवा दगडाचे. कागद थोडा खडबडीत असला, की टणक शिक्का सगळीकडे टेकत नाही. रबर मात्र दाबले की कागदाच्या उंचसखलपणाशी जुळवून घेते.

रबराची कथाही आपल्या विषयाशी मोठ्या मौजेने जोडलेली आहे. रबराने पेन्सिलीच्या खुणा पुसता येतात, अशी नोंद जोसेफ प्रीस्टली यांनी १७७० साली छापली. प्राणवायूचा शोध लावणाऱ्या शास्त्रज्ञांत ज्यांचे नाव येते, तेच हे प्रीस्टली. ही नोंद त्यांनी कोणत्या पुस्तकात केली असेल? रसायनशास्त्राच्या नव्हे, तर यथादर्शनाच्या! यथादर्शन म्हणजे चित्रकलेच्या तासाला ज्याला ‘पर्स्पेक्टिव्ह’ म्हणतात ते. जवळचे मोठे आणि दूरचे लहान काढण्याचे शास्त्र. आपल्याला आज खोडरबर आणि यथादर्शन दोन्ही लागणार आहेत.

त्या काळचे रबर उन्हाळ्यात चिकट आणि थंडीत कडक होई. १८३९ मध्ये अमेरिकेतील चार्ल्स गुडइयर यांना कच्चे रबर गंधकाबरोबर तापवले तर हा दोष जातो असे आढळले. रबराचे रेणू लांबलचक साखळ्यांसारखे असतात. गंधकाचे अणू या साखळ्यांमध्ये जागोजागी पूल बांधतात. त्यामुळे रबर ताणले किंवा दाबले तरी पुन्हा मूळ आकारात येते. या क्रियेला व्हल्कनायझेशन म्हणतात. कचेरीतले रबरी शिक्के याच युक्तीने तयार करत: साच्यावर कच्चे रबर दाबायचे आणि तापवायचे. आता अतिनील किरणांनी घट्ट होणाऱ्या द्रवापासूनही शिक्के बनतात आणि लेझरनेही रबर कोरतात.

आपल्याला यातले काही नको. दुकानात मिळणारे मोठे, पांढरे, मऊ खोडरबर पुरे. त्याला आपण रबर म्हणतो खरे, पण अशी बरीच खोडरबरे पीव्हीसी नावाच्या प्लॅस्टिकची असतात. ती लोण्यासारखी कापली जातात, कडा तुटत नाहीत. जपानमध्ये खोडरबरावर ठसे कोरणे हा मोठा लोकप्रिय छंद आहे. बटाट्याचे आणि भेंडीचे ठसे तुम्ही शाळेत केलेच असतील. ते दुसऱ्या दिवशी सुकतात. खोडरबराचा ठसा वर्षानुवर्षे टिकतो.

आता कोरायचे कसे? पातळ कागदावर मऊ पेन्सिलीने गडद चित्र काढा. तो कागद खोडरबरावर पालथा ठेवून नखाने घासा. ग्रॅफाइट खोडरबरावर उतरेल आणि चित्र आपोआप उलटे होईल. हा उलटेपणाच आपल्याला हवा असतो, कारण कागदावर ठसा मारताना ते पुन्हा उलटून सुलट होणार आहे. जो भाग उमटायला नको, तो कोरून काढायचा. कोरण्यासाठी लिनोकामाची हत्यारे मिळाली तर उत्तम, नाहीतर बारीक कटर चालेल. मात्र घरातले मोठे माणूस जवळ हवे आणि पाते नेहमी दुसऱ्या हाताच्या उलट दिशेला सरकले पाहिजे. कोरताना एक पथ्य पाळा. माडाचे खोड म्हणजे एक बारीक भिंतच. ती वर अरुंद आणि बुडाशी रुंद ठेवा, बांधासारखी. बुडाशी आतून कापले, तर दाब पडताच भिंत कलंडते आणि खोड दुहेरी उमटते.

नवे खोडरबर शाई नीट धरत नाही. शाईचे थेंब होऊन राहतात. साबणाच्या पाण्याने पुसून वाळवले, की ही तक्रार दूर होते. कार्डाखाली वर्तमानपत्राच्या चार-पाच घड्या ठेवा. टेबलाच्या टणक पृष्ठावर ठसा मारला, की कडा उमटतात आणि मधला भाग पांढरा राहतो. खाली थोडी मऊ गादी असली, की दाब सगळीकडे सारखा बसतो. लहान ठशावर बेताने दाबा. तेवढेच बळ लहान क्षेत्रफळावर पडले तर दाब वाढतो, आणि शाई कडेबाहेर पसरते.

शिक्क्याच्या शाईचीही एक खुबी आहे. डबीतली गादी आठवडेच्या आठवडे ओली राहते, पण कागदावर मारलेला शिक्का मात्र थोड्याच वेळात हाताला लागेनासा होतो. असे का? या शाईत ग्लिसरीन असते. ग्लिसरीनची वाफ जवळजवळ होत नाही. उलट ते हवेतली आर्द्रता ओढून घेते. म्हणून गादी सुकत नाही. कागदावर शाई वाळते असे आपण म्हणतो, पण खरे तर ती कागदाच्या तंतूंमध्ये केशाकर्षणाने शोषली जाते. पडताळून पाहायचे असेल, तर एक ठसा साध्या कागदावर आणि एक काचेवर मारा. काचेवरचा ठसा दुसऱ्या दिवशीही बोटाला लागेल. म्हणून शुभेच्छापत्रासाठी गुळगुळीत चकचकीत कागद घेऊ नका, साधा जाड कार्डपेपर घ्या.

आता देखाव्याकडे वळू. आपण कोकणातल्या एका खाडीच्या काठी उभे आहोत असे समजा. वेळ नरकचतुर्दशीच्या पहाटेची. तोंड पूर्वेला, म्हणजे समोर सह्याद्री. कार्ड १५ सेंटिमीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच घ्या. तळापासून साडेचार सेंटिमीटरवर पेन्सिलीने अगदी फिकी आडवी रेघ मारा. ही आपली क्षितिजरेषा.

प्रथम चंद्र. बाजारातल्या पुष्कळ दिवाळी-पत्रांवर घराच्या मागे भला मोठा पूर्णचंद्र असतो. पंचांग उघडून पाहा बरे! लक्ष्मीपूजन अमावास्येला. त्या संध्याकाळी आकाशात चंद्र नसतोच. पूर्णचंद्र हवा असेल तर पंधरा दिवस आधी कोजागिरीचे कार्ड करावे. मग दिवाळीच्या कार्डावर चंद्र काढूच नये का? काढावा, पण पहाटेचा. नरकचतुर्दशीच्या अभ्यंगस्नानाशेजारी दिनदर्शिकेत चंद्रोदयाची वेळ छापलेली असते, ती याच चंद्राची. कृष्ण चतुर्दशीला चंद्र आकाशात सूर्यापासून २४ ते १२ अंशांवर असतो. म्हणून तो सूर्याच्या थोडा आधी पूर्वेला उगवतो, अगदी बारीक कोर होऊन. कोरीची उजळ बाजू नेहमी सूर्याकडे असते. या दिवसांत पहाटे चंद्र जवळजवळ बरोबर सूर्याच्या डोक्यावर येतो, आणि सूर्य तर अजून क्षितिजाखाली. त्यामुळे महाराष्ट्रातून ही कोर आडवी, होडीसारखी दिसते. तीनच दिवसांनी भाऊबिजेला संध्याकाळी पश्चिमेला पाहा: तेथेही बारीकच कोर, पण तिरपी, उजळ बाजू खाली उजवीकडे झुकलेली. कार्ड पहाटेचे की संध्याकाळचे, हे जाणकाराला नुसत्या कोरीवरून ओळखता येते. कोरीच्या दोन टोकांमध्ये चांदणी मात्र काढू नका. तेथे काळोख दिसला, तरी चंद्राचा अंधारा भाग असतो, आणि त्याच्या आरपार तारा दिसणार नाही.

चंद्र किती मोठा काढावा? चंद्राचा आकाशातला व्यास सुमारे अर्धा अंश. हात पूर्ण लांब केला, की डोळ्यापासून सुमारे ६० सेंटिमीटरवर हा अर्धा अंश जेमतेम ५ मिलीमीटर भरतो, म्हणजे वाटाण्याएवढा. आपण रुपयाच्या नाण्याभोवती पेन्सिल फिरवतो ते किती भरमसाट, हे आता कळले! कागदाला भोके पाडण्याच्या यंत्रातून पडणारी गोल टिकली आपल्याला योग्य. तिच्यातून कात्रीने बारीक कोर कापा. कार्डावर हव्या त्या जागी ती टाचणीच्या टोकाने दाबून धरा आणि सभोवती शाई टिपा. टिकली उचलली, की कागदाचा पांढरा रंग म्हणजेच चंद्र.

शाई टिपण्यासाठी स्पंजचा छोटा तुकडा घ्या. तो गादीवर टेकवून आधी रद्दी कागदावर दोनदा आपटा, मग कार्डावर. डोंगरांच्या जागेच्या वर किंचित लाल आणि त्याच्या वर निळा, इतकेच आकाश पुरे. रंग कमी पडला तर वाढवता येतो; जास्त झाला तर काढता येत नाही.

डोंगरांसाठी वर्तमानपत्राची पट्टी फाडा. येथे एक छोटा प्रयोग करून बघा. पान उभे फाडले तर बऱ्यापैकी सरळ फाटते. आडवे फाडले तर वेडेवाकडे. कागद यंत्रावर तयार होताना त्याचे बहुतेक तंतू यंत्राच्या चालीच्या दिशेने आडवे होतात. त्या दिशेने फाडले की फाटणे तंतूंमधून निघून जाते. आडवे फाडताना ते तंतूंना ठेचकाळत जाते. आपल्याला हवी तीच ठेचकाळलेली कड! तरी एक लक्षात ठेवा. डोंगर म्हटले, की आपला हात त्रिकोण काढतो, दोन त्रिकोण आणि मधून सूर्य. सह्याद्री तसा नाही. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हारस थरावर थर पसरत गेला आणि त्यातून दख्खनचा काळा खडक तयार झाला. त्याच्या टणक थरांचे कडे उभे राहिले आणि मऊ थर झिजून उतार झाले. म्हणून आपल्या डोंगरांना पायऱ्या असतात आणि माथे पुष्कळदा टेबलासारखे सपाट. कागद फाडताना बोटांनी थोडे आडवे, थोडे उभे असे वळण द्या. नेढे असलेला सुळकाही एखाद्या ठिकाणी जमून जातो.

ही पट्टी कार्डावर अशी ठेवा की आकाश झाकले जाईल. तिच्या कडेवरून खाली स्पंजने फिकी निळी शाई टिपा. कडेशी थोडी अधिक, खाली विरत जाणारी. मग पट्टी एक सेंटिमीटर खाली आणि थोडी बाजूला सरकवा. आता थोडी गडद शाई. तिसऱ्यांदा आणखी गडद. पट्टी उचला आणि पाहा, एकामागे एक अशा तीन रांगा उभ्या राहतात, आणि दऱ्यांमध्ये धुके भरलेले! हे पहिल्यांदा जमते तेव्हा स्वतःलाच नवल वाटते.

डोळ्याला ही दूरता का पटते? दूरचा डोंगर आणि आपला डोळा यांच्यामध्ये हवेचा जाड थर असतो. हवेचे रेणू सूर्यप्रकाशाचे विकिरण करतात, म्हणजे प्रकाश सर्व दिशांना विखुरतात. लॉर्ड रॅले यांनी १८७१ साली दाखवले, की तरंगलांबी कमी असेल तर विकिरण झपाट्याने वाढते. लाल प्रकाशापेक्षा निळा सुमारे चौपट विखुरतो. डोंगर जितका दूर, तितका हा निळसर उजेड त्याच्यावर पडद्यासारखा चढतो. म्हणून दूरची रांग फिकी आणि निळी दिसते, जवळची गडद दिसते. जपानी ठसेकारांनी हेच परिणाम लाकडी ठोकळ्यांवर साधले होते. ते ठोकळ्यावर शाई एका कडेला दाट आणि दुसऱ्या कडेला विरळ अशी पुसून घेत. हिरोशिगे या चित्रकाराच्या देखाव्यांत आकाशाच्या वरच्या कडेला दिसणारा, खाली विरत जाणारा गडद निळा पट्टा याच रीतीचा आहे.

ठशांच्या बाबतीत फिकेपणा मिळवण्याची युक्ती तर फुकटची आहे. शाई एकदाच लावायची आणि ठसा लागोपाठ मारत जायचे. पहिला गडद, दुसरा मध्यम, तिसरा फिका. पहिला जवळचा माड, तिसरा दूरचा. तुमच्या ठशाची शाई कितव्यांदा संपते हे आधी रद्दी कागदावर मोजून ठेवा.

पण नुसता फिकेपणा पुरत नाही. आकारही घटला पाहिजे. दुप्पट दूर असलेले झाड निम्मे दिसते. म्हणून माडाचे तीन ठसे कोरा: ३२, १६ आणि ८ मिलीमीटर उंचीचे. आता प्रश्न येतो, हे माड नेमके कोठे उभे करायचे? मुले दूरचे झाड हमखास फार वर नेतात आणि ते हवेत तरंगते. याला एक सुंदर नियम आहे. समजा, तुमचे डोळे जमिनीपासून दीड मीटरवर आहेत आणि माड बारा मीटर उंच आहेत. सपाट जमिनीवर क्षितिज नेहमी डोळ्यांच्या पातळीवर दिसते. त्यामुळे ते प्रत्येक माडाला त्याच्या उंचीच्या आठव्या भागावर छेदते, मग माड जवळ असो की दूर. म्हणजे ३२ मिलीमीटरच्या माडाचे बूड क्षितिजाखाली ४ मिलीमीटर, १६च्या माडाचे २ आणि ८च्या माडाचे अवघे १ मिलीमीटर. पट्टीने मोजून एकदा करून पाहा. तीनही माड एकदम जमिनीवर येतात, आणि का आले हे मोजल्याशिवाय कोणाला सांगता येत नाही. पुढच्या वेळी बसमधून जाताना विजेच्या खांबांवर हा नियम तपासा.

पुढचा माड मागच्यावर चढत असेल, तर पुढचा आधी मारायचा. तोच ठसा पातळ कागदावर मारून कापून घ्यायचा आणि कार्डावरच्या माडावर झाकण म्हणून ठेवायचा. मग मागचा माड बिनधास्त मारा. झाकण उचलल्यावर तो पुढच्याच्या मागे गेलेला दिसेल.

राहिले खाडीतले प्रतिबिंब. येथे बहुतेक जण फसतात. कार्ड फिरवून तोच ठसा उलटा मारला की झाले प्रतिबिंब, असे वाटते. आपला माड उजवीकडे झुकलेला आहे असे धरा. पाण्यात त्याचा शेंडा खाली जाईल, पण झुकलेला उजवीकडेच राहील. ठसा अर्धा वळसा फिरवून मारला तर शेंडा खाली जातो खरा, पण डावीकडे झुकतो! फिरवणे वेगळे आणि आरशात उलटणे वेगळे. सरळ सुपारीचे झाड असते तर चोरी पकडली गेली नसती.

मग काय करावे? दुसऱ्या मोठ्या खोडरबराची न कोरलेली सपाट बाजू घ्या. माडाच्या ठशाला शाई लावून तो या सपाट बाजूवर मारा आणि लगेच, शाई सुकण्याआधी, ती बाजू कार्डावर दाबा. एकदा अधिक उलटल्यामुळे खरे आरशातले चित्र मिळते. ते बुडाला बूड भिडवून, माडाच्या बरोबर खाली बसवा. हे चित्र आपोआप फिकेही येते, आणि ते योग्यच आहे, कारण पाण्यावर पडणारा सगळा प्रकाश काही परत येत नाही. काही आत शिरतो. नंतर कोरड्या फूटपट्टीच्या कडेला थोडी शाई लावून दोन-तीन बारीक आडव्या रेघा उमटवल्या, की पाणी हलू लागते.

माडाचे खोड तपकिरी आणि झावळ्या हिरव्या हव्या असतील, तर ठशावर स्केचपेनने सरळ रंग भरा. रंग भरेपर्यंत तो सुकतो, घाबरू नका. ठशावर तोंडाने ‘हा’ करून वाफ सोडा. उच्छ्वासातली वाफ थंड ठशावर दवासारखी जमते आणि रंग पुन्हा ओला होतो. लगेच ठसा मारा.

पंचवीस कार्डे करायची असतील, तर एकेक पूर्ण करत बसू नका. सगळ्यांवर आधी चंद्र आणि आकाश, मग सगळ्यांवर डोंगर, मग माड. दोघे-तिघे मिळून बसलात तर एकाने डोंगर, दुसऱ्याने माड, तिसऱ्याने प्रतिबिंबे असे वाटून घ्या. प्रत्येक कार्डावर पट्टी थोडी वेगळी सरकते, माड थोडा वेगळ्या जागी येतो. त्यामुळे ठसा एकच असूनही दोन कार्डे सारखी होत नाहीत. छापील कार्डापेक्षा हे मला तरी जास्त आवडते. कार्डाची घडी मात्र तंतूंच्या दिशेने घाला, आडवी घातली तर कड फुटते. कोणती दिशा तंतूंची, हे तुम्हाला आता कागद फाडून कळतेच.

काम संपल्यावर ठसे ओल्या फडक्याने पुसा. रॉकेल किंवा पेट्रोल वापरू नका, त्याने ठसा फुगून किंवा कडक होऊन बिघडतो. आणि ठसे कंपासपेटीत प्लॅस्टिकच्या फूटपट्टीला चिकटून ठेवू नका. खोडरबर मऊ राहावे म्हणून त्यात प्लास्टिसायझर नावाचा तेलासारखा पदार्थ घातलेला असतो. तो हळूहळू बाहेर झिरपतो, पट्टीच्या प्लॅस्टिकला मऊ करतो आणि महिन्याभराने दोघे एकमेकांना घट्ट चिकटतात. प्रत्येक ठसा साध्या कागदात गुंडाळून डबीत ठेवा आणि कागदावर तोच ठसा मारून ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षी न उघडता कोणता माड कोठे आहे ते कळेल.